माय तळ्याची पाळ

चैत्र वद्य ३, शके १७८५

आज आजी तळ्याच्या पाळेवर चार गावांची बैठक झाली आणि तिथे मी खोटे बोललो. हे कोणाला सांगता येण्यासारखे नाही, म्हणून ही वही उघडली. एलिचपूरच्या शाळेत आमचे मास्तर रोज काहीतरी लिहीत बसत. विचारले की म्हणत, पोटात राहिले तर कुजते.

कशाबद्दल खोटे बोललो ते आधी लिहितो. आमची बोरडी नदी गाविलगडच्या डोंगरातून उतरते, पण सरळ पूर्णेला जात नाही. वाटेत चार तळी भरते. डोंगराच्या पायथ्याचे सर्वांत मोठे तळे आजी. त्याच्या खाली आमच्या, म्हणजे मी पाटील आहे त्या सावरखेडची माय, तिच्या खाली निंभोरीची लेक, आणि अगदी खाली नात. कोणी बांधली ते कोणालाच ठाऊक नाही. आजीच्या गावचे नत्थुजी पाटील गवळी राजाचे नाव घेतात, एलिचपूरचे लोक नबाबाचे. नियम मात्र सर्वांना पाठ आहेत. आजी भरून सांडल्याशिवाय मायला पाणी नाही, माय सांडल्याशिवाय लेकीला नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठाच्या गाळात डांगरं-काकड्या लावाव्यात, पण तळ्याच्या पोटात नांगर घालू नये. आणि एखाद्या पाळेला हात लावायचा तर चारही गावांनी हो म्हटले पाहिजे.

मला मायच्या पोटात नांगर घालायचा आहे. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई पेटली आहे, तिकडचा कापूस बंद झाला, आणि अमरावतीचे अडते आमच्यासारख्यांच्या ओट्यावर येऊन बसू लागले. अंजनगावच्या बाजारात दुसरी गोष्ट नाही. लोकांनी ज्वारीची शेते मोडली, गुरांची कुरणे मोडली. मायच्या तळाशी शेकडो पावसाळ्यांचा गाळ आहे, लोण्यासारखा. तिथे कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागेल.

म्हणून मी बैठकीत सांगितले की मायची पाळ घुशींनी आतून पोखरली आहे, यंदाच्या पुरात ती फुटली तर सावरखेड वाहून जाईल, त्यापेक्षा आपणच तिला तोंड पाडून नदी मोकळी करावी. लेकीला पाणी उलट लवकरच पोचेल, असेही म्हणालो.

नत्थुजी म्हणाले, "घुशी लागल्या ते कोनं पायलं?"

तेव्हा निंभोरीचे पाटील भगवंतराव उठले. हे माझे भाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. परवाच ते सावरखेडला आले होते. पाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, काठी खुपसून पाहिली, आणि एक शब्द न बोलता जेवून परत गेले.

"मी पायली," ते म्हणाले. "शेषराव म्हन्ते ते खरं हाय."

पाणी कमी पडलेच तर निंभोरीचेच पडणार, आणि निंभोरीच हो म्हणते म्हटल्यावर बाकीच्यांनीही हो म्हटले.

भाऊजींना पाळेतले फारसे कळत नाही हे माझ्या पथ्यावर पडले. लेकीची पाळ दरवर्षी तेच दुरुस्त करून घेतात, पण डागडुजी निराळी आणि पारख निराळी. तरी येताना त्यांच्या बैलगाडीत त्यांच्या शेजारी बसवेना. काम आहे म्हणून मागे राहिलो.


चैत्र अमावास्या

वडार लोक पाळ फोडत आहेत. मला वाटले होते चार दिवसांत तोंड पडेल. पहार मारली की टणकन वर उडते. आतली माती चुन्यासारखी बसलेली आहे, आणि तिच्यात एक बीळ नाही. गावातले लोक येतात, पाहतात, तंबाखू मळतात आणि निघून जातात. कोणी काही विचारत नाही. विचारले असते तर बरे झाले असते, काही उत्तर तरी दिले असते.

माझी बायको रुख्मिणी भाकरी घेऊन आली होती. तिने कापलेल्या भिंतीवरून हात फिरवला.

"घुशी कुठं हायेत?" ती म्हणाली.

"पलीकडच्या अंगाला असतील."

तिने हातावरची माती झटकली. भाकरी ठेवून गेली.


वैशाख शुद्ध ९

तोंड पडले. पाणी गेले तो आवाज अजून कानात आहे. मागे चिखलात मासे तडफडत होते, सगळे गाव टोपल्या घेऊन उतरले. जत्रेसारखी गर्दी. रुख्मिणीने मासा घरात येऊ दिला नाही. मला पोटभर मासे खायची इच्छा होती, तीही मरून गेली.


ज्येष्ठ शुद्ध २

बाई आली होती. पार्बताबाई, माझी थोरली बहीण, भगवंतरावांची पत्नी. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. बाईने मला कडेवर घेऊन वाढवले आणि लग्न होऊन निंभोरीला गेली तेव्हा मला सोबत नेण्यासाठी रडली होती. आम्ही दोघे उरलेल्या पाळेवर उभे राहिलो. खाली तळ्याच्या पोटात माझे नांगर चालले होते. मधून नदीसाठी चर ठेवला आहे.

"शेषा, आता पानी कुठं थांबन?" ती म्हणाली.

"थांबायचं काय काम? तडक तुझ्याच दारी येईल."

"पाहुना चालत आला तं त्याले बसाले पाट देता येते," ती म्हणाली. "धावत आला तं दारच मोडते."

मी हसलो. बायकांना नदीची भीती वाटते. तिने जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा. मी पाठ जरा आखडून घेतली. का ते माहीत नाही.


श्रावण वद्य १३

पऱ्हाटी अशी कोणी पाहिली नसेल. आत शिरलेला माणूस दिसत नाही. नत्थुजी पाळेवर येऊन उभे राहिले, पाहिले, आणि म्हणाले, "पीक चांगलं आलं, पाटील." आजवर ते मला शेषराव म्हणत.


भाद्रपद वद्य ५

दोन दिवस डोंगरात पाऊस धरला होता. आजी सांडली तो आवाज इथपर्यंत आला. पाणी माझ्या चरातून असे गेले की काठाच्या पिकाच्या चार ओळी खरवडून नेल्या. बाकी पीक उभे आहे. मी देवाला नारळ फोडला.

नारळ फोडल्यावर खालून माणूस आला. लेक फुटली.


भाद्रपद वद्य ७

निंभोरीला जाऊन आलो. जाववत नव्हते, पण गेलो नसतो तर लोक काय म्हणतील हा विचार होता. इतकी वर्षे डोंगराचे पाणी मायमध्ये येऊन पसरायचे, दम खायचे, मग सांडव्यावरून हळूहळू लेकीकडे जायचे. या वेळी आजीपासून ते थांबलेच नाही. लेकीच्या सांडव्याला तेवढे पाणी एकदम जाईना, आणि पाळ मधोमध गेली.

भाऊजींचा मळा तळ्याच्या खालीच होता. केळी, हळद, मिरची. आता तिथे गुडघाभर वाळू आहे आणि वाळूतून केळीचे शेंडे वर आलेले आहेत. गावातले सगळेच मळे तसे. ओढ्याकाठची घरे बसली. कोणाचा जीव गेला नाही, ही देवाची दया. नातीची पाळ वाचली, कारण पाणी निंभोरीच्या शेतांवरच पसरले आणि वाळू तिथेच टाकून गेले.

मी म्हणालो, "भाऊजी, असा पाऊस दहा-वीस वर्षांतून एकदा होतो. कोणाच्या हातचं नाही."

ते म्हणाले, "हो."

ओट्यावर रामराव म्हणून त्यांचा भाऊबंद बसला होता. तो माझ्याकडे न पाहता भाऊजींना म्हणाला, "तुमीच हो म्हनलं होतं नं, भगवंतराव? तुमीच पाळ पायली होती." आणि उठून गेला. भाऊजींनी मान वर केली नाही. मीही केली नाही. मला वाटते, लोकांना कोणावर तरी राग काढायचा असतो.

बाईने मला जेवायला वाढले. ताटात मिरचीचा ठेचा होता. मळ्यातली शेवटची मिरची असणार. घास गिळताना डोळ्यांत पाणी आले, ते तिखटाने आले असे तिला सांगितले.


कार्तिक शुद्ध १२

बोंडे फुटली आहेत. सगळे तळे पांढरे झाले. वेचायला बायका मिळत नाहीत, कारण प्रत्येकाच्या शेतात कापूस. जास्त मजुरी द्यायला मी तयार आहे. निंभोरीकडे निरोप धाडला होता, तिथे या साली कोणाला काम नाही. कोणी आले नाही. उपाशी राहतील पण माझ्या शेतात येणार नाहीत, असा ताठा.


कार्तिक वद्य २

आज निंभोरीच्या बायका आल्या.

मी पाळेवरून पाहत होतो. रांग धरून त्या तळ्यात उतरल्या, कमरेला लुगड्याच्या ओट्या बांधल्या. सर्वांत पुढे जी होती तिची चाल ओळखीची वाटली. पाटलाच्या घरची बाई, माझी बहीण, माझ्या शेतात मजुरीने कापूस वेचायला आली होती.

मी धावत खाली गेलो. "बाई, हे काय? घरी चल. तुला काय हवं ते सांग, गाडी भरून पाठवतो."

तिचे हात थांबले नाहीत. "कामावर आली, पाटील," ती म्हणाली. "कोनत्या ओळीपासून धरू ते सांगा."

"मला पाटील म्हणू नको."

"बाकीच्या आयकून राहिल्या."

खरेच सगळ्या ऐकत होत्या. जमुना, रामरावाची सून, ओळीच्या टोकाला उभी होती आणि मी काय करतो ते पाहत होती. मी ओळ दाखवली. दिवसभर बाई तळ्याच्या पोटात वाकून वेचत राहिली. दुपारी रुख्मिणीने घरून पंचपक्वान्न नाही पण चांगले जेवण पाठवले. बाईने ते सगळ्या बायकांत वाटून टाकले आणि आपली बांधून आणलेली भाकरी खाल्ली.

मला माझ्याच शेतात, सगळ्यांसमोर, असे उभे करण्यासाठी ती आली. एवढा सूड बाईच्या मनात असेल असे वाटले नव्हते. रुख्मिणीला तसे म्हणालो. तिने चूल फुंकता फुंकता विचारले, "त्या आल्या नसत्या तं जमुना आली असती का?"

"नसती आली."

"मंग?"

मंग काय, ते तिने सांगितले नाही.


मार्गशीर्ष शुद्ध १०

वेचणी संपेपर्यंत बाई रोज आली. रोज मी पाळेवरून पाहिले आणि रोज खाली उतरलो नाही.


पौष शुद्ध ४, मुक्काम अमरावती

कापसाच्या बाजारात गाड्यांची रांग गावाबाहेरपर्यंत होती. माझा कापूस पाहून अडते उठून उभे राहिले. एकाने धागा ओढून उजेडात धरला. मग त्याने गादीवर बसवून माझ्या डोक्याला पागोटे बांधले. "तळ्याच्या पोटातून सोनं काढलं पाटलांनी," असे तो चारचौघांना सांगत होता. चांदूर बाजारचा एक शेतकरी येऊन विचारू लागला, त्यांच्याही गावाला एक जुने तळे आहे, ते कसे मोकळे करावे.

मी म्हणालो, "करू नका."

त्याला वाटले मी हातचे राखून ठेवतो आहे. तो हसला. मी बाहेर येऊन पागोटे सोडले आणि गाडीतल्या कडब्याखाली ठेवले. घरी गेल्यावर रुख्मिणीला दाखवले नाही.


माघ वद्य १

गावातल्या विहिरी यंदा लवकर खाली गेल्या. झरे बुजले असतील, गाळ काढायला पाहिजे. रुख्मिणी नदीच्या चरात झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरते. पाटलाची बायको तिथे बसलेली चांगली दिसत नाही, गडी पाठव, असे म्हणालो. ती म्हणाली, "सगळ्या बसतात तिथं मीबी बसतो." पण डोक्यावर घागर घेऊन ती पाळेवरून न येता लांबच्या वाटेने येते. पाळेच्या कापलेल्या तोंडाजवळून जायचे टाळते, हे आज लक्षात आले. मीही टाळतो.


चैत्र वद्य ३, शके १७८६

आज पुन्हा आजीच्या पाळेवर बैठक. जाताना ठरवून गेलो होतो की आज खरे सांगायचे. वाटेत शब्दही जुळवले होते. घुशी नव्हत्या, पाळ पक्की होती, मला कापूस हवा होता. एवढेच. फार मोठे नव्हते.

रामरावानेच विषय काढला. तो म्हणाला, लेक पुन्हा बांधायची तर आधी हे कळू द्या की मायची पाळ खरेच कच्ची होती का. वडार सांगत फिरतात की पहार लागत नव्हती.

नत्थुजींनी माझ्याकडे पाहिले. मी उठलो. उठून उभाही राहिलो. तेवढ्यात भाऊजी बसल्या जागेवरून बोलले.

"पाळ कच्ची होती. मी काठी घालून पायली होती. वडारांचं काय, त्यायले मजुरी वाढवून पाह्यजे होती."

रामराव म्हणाला, "देवाची आन?"

"हो," भाऊजी म्हणाले.

ते माझ्याकडे पाहत नव्हते. जमिनीकडे पाहत होते. आणि तेव्हा मला कळले की पहिल्या दिवशी, जेवून न बोलता परत गेले त्या दिवशीच, त्यांना सगळे कळले होते. बायकोच्या माहेरचा माणूस चार गावांत खोटा पडू नये म्हणून त्यांनी तेव्हा शब्द दिला, आणि आता शपथ घेतली.

मी उभा होतो. लोक माझ्या बोलण्याची वाट पाहत होते.

मी म्हणालो, "हो. कच्चीच होती." आणि बसलो.

रामराव म्हणाला, "असं असन तं भगवंतरावाले पाळेतलं काही समजत नाई. निंभोरीचा शब्द आता त्यायनं देऊ नये." निंभोरीची माणसे हो म्हणाली. प्रत्येक गावाच्या मानकऱ्याला तिथे बसायला एक दगड आहे. भाऊजी त्यांच्या दगडावरून उठले आणि मागे, पोरांच्या पलीकडे जाऊन बसले. बैठक पुढे चालली. कोणती पाळ किती उंच, कोणी किती गडी द्यायचे. मी काय ऐकले ते आठवत नाही.


चैत्र वद्य ५

रुख्मिणीला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती.

"मले कायले सांगता?" ती म्हणाली. "मले पाळेवर हात लावला तवाच समजलं होतं. ज्यायचं गेलं त्यायले सांगा."

बाईबद्दलही बोलली. निंभोरीच्या बायका घरात दाणा नसूनही माझ्या शेतात यायला तयार नव्हत्या. पाटलीणच आधी उतरली म्हणून बाकीच्यांना उतरायला लाज वाटली नाही. हे सगळ्या सावरखेडला ठाऊक होते. मी त्याला सूड समजलो होतो.


चैत्र वद्य ८

निंभोरीला गेलो. घरी न जाता सरळ लेकीवर गेलो. सगळे गाव फुटलेल्या पाळेवर माती टाकत होते. खालपासून वरपर्यंत माणसांची रांग, हातोहात टोपली जात होती. भाऊजी रांगेच्या मधोमध होते, इतरांसारखेच, उघड्या अंगाने. मी पागोटे काढून ठेवले आणि त्यांच्या शेजारी जागा धरली. पलीकडे रामराव होता.

रामरावाने टोपली मला ओलांडून भाऊजींच्या हातात दिली. दुसरीही तशीच दिली. त्याला लांब वाकावे लागत होते, तरी देत होता.

मी म्हणालो, "मायची पाळ पक्की होती. एक घूस नव्हती. मला तिथं कापूस लावायचा होता, म्हणून मी खोटं बोललो. भगवंतरावांनी माझ्यासाठी शब्द दिला."

मोठ्याने म्हणालो. रांगेतल्या पुष्कळांनी ऐकले. मला वाटले होते काम थांबेल, कोणी शिव्या देईल, कोणी ढेकूळ उचलेल. त्याची तयारी करून आलो होतो. काम थांबले नाही. टोपल्या जात राहिल्या. खालून कोणीतरी म्हणाले, "माहीत हाय," आणि पुढची टोपली वर दिली.

रामरावाने मात्र भाऊजींकडे पाहिले. "देवाची आन घेतली होती तुमी," तो म्हणाला.

भाऊजींनी हातातली टोपली पुढे दिली. मग माझ्याकडे वळले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिले. रागावलेले दिसत नव्हते, थकलेले दिसत होते.

"लोक मले येडा समजत होते, शेषराव," ते हळू म्हणाले. "येडा म्हनून जगता येत होतं. आता खोटाबी झालो."

मी खरे बोललो तेही माझ्याचसाठी बोललो. मला हलके व्हायचे होते. ज्याने दोनदा माझे झाकले त्याला मी भर गावात उघडे केले, आणि करण्याआधी एकदा त्याला विचारलेही नाही.

माफी मागावी असे वाटले. पण तीही मला हवी होती म्हणूनच मागितली असती. मागितली नाही.

बाई कळशी घेऊन रांगेतून पाणी देत येत होती. तिने सगळे ऐकले असणार. रामरावाला पाणी दिले, मला दिले, भाऊजींना दिले. मला आधी नाही, मागून नाही, रांगेत जिथे होतो तिथे. मग पुढे गेली.

पाणी पिऊन रामरावाने हात पुसले, टोपली उचलली आणि माझ्याकडे न पाहता माझ्यासमोर धरली. जड होती. मी घेतली आणि भाऊजींच्या हातात दिली. त्यांनी घेतली.


वैशाख शुद्ध १

रोज जातो. लेकीचे तोंड पावसाआधी बुजेल असे वाटते. मग मायची पाळ बांधायची. यंदा तिथे पेरणार नाही, हे चारही गावांना कळवले आहे. नत्थुजींनी निरोप्याला विचारले म्हणे, "पाटलानं सांगितलं, की पुन्हा कोनी पाहून आलं?"

कापलेली पाळ जोडली तरी आधीसारखी बसत नाही. नव्या मातीला जुनी धरत नाही, मधे फट राहते, आणि ती कुटून कुटून, वर्षानुवर्षे पाणी पिऊन मुरावी लागते. हे मला काल भाऊजींनी सांगितले. कामापुरतेच बोलतात. मी विचारले, किती वर्षे. ते म्हणाले, "आपन पाहाले नसू."